तिसऱ्या भट्टीचं दार

बापाला समुद्राबद्दल विचारलं
तर तो कोळशाबद्दल बोलायचा.
वेल्सचा चांगला, धूर कमी, आच खणखणीत.
डरहॅमचा बरा.
बाकीचा म्हणजे नुसती माती,
अर्धी भट्टीत, अर्धी छातीत.

एडनहून साउथ शील्ड्सला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा,
नासेर मुथन्ना. हजेरीपटावर ‘नेसर मटन’.
लिहिणारा हसला, म्हणून हाही हसला.

जहाज मार्गरी डॉड्स.
मालकाच्या मुलीचं नाव, संडरलंडच्या गोदीत
नाळेवर छिन्नीने खोदून मग पांढरं रंगवलेलं.
खाली तीन भट्ट्या.
तिसरीचं दार लागायचं नाही,
बिजागरीखाली उजव्या टाचेची लाथ बसली की लागायचं.
हे कुठे लिहिलेलं नव्हतं.
तीन पाळ्यांतल्या नऊ माणसांना ठाऊक होतं.

पहिल्या लढाईत नावावर करडा रंग फासला.
तिने सालोनिकाला खेचरं नेली,
आर्खांगेल्स्कहून लाकूड आणलं, प्लेट नदीवरून गहू.
हमालाला कोण सांगतं गोणीत काय आहे.
एकदा पाणतीर बसला, फुटला नाही,
पत्र्याला परातीएवढा पोचा आला.
बाप म्हणायचा,
कुणीतरी दार ठोठावून गेलं, आम्ही कामात होतो.

एकोणीस सालच्या फेब्रुवारीत, मिल डॅमवर,
आपल्याच बंदरात त्याला दगड बसला.
कपाळावरचा वण टोपीखाली असायचा.
त्याबद्दल विचारलं
तर तो कोळशाबद्दलही बोलायचा नाही.

मंदीत तिला फाल नदीत बांधून ठेवलं,
शेजारी तसलीच आणखी बारा,
साखळीला शेवाळ,
एक राखणदार आणि त्याच्या कोंबड्या.
बाप घरी. मी तेव्हा जन्मले.
आई म्हणायची, तुझा एवढा एकच पाळणा
त्याने हलवला.
मग ती ग्रीकांना विकली, इतकंच कानावर आलं.

एकेचाळीसचा नोव्हेंबर, कार्डिफ.
पन्नाशीला टेकलेला बाप एव्डोकियावर चढला.
नाव फक्त कागदावर, जहाजावर नुसता करडा रंग.
खाली उतरला. अंधार.
जुझे नावाचा माल्टाचा पोरगा
एका भट्टीच्या दाराशी झोंबत होता,
आईबहिणीवरून शिव्या देत.
बापाने त्याला बाजूला केलं
आणि बिजागरीखाली लाथ घातली.

दार लागलं.

मग तो फावडं टेकवून खाली बसला.
हसला की रडला, जुझेला सांगता आलं नाही,
तिथे सगळ्यांचेच डोळे गळायचे.

ताफा ताशी सात मैलांचा, तरी ती मागे पडायची,
धूर ओकायची, पुढच्यांच्या दिव्यांकडून बोलणी खायची.
एका रात्री शेजारचं जहाज गेलं.
वर, पाण्यात, माणसं होती,
प्रत्येकाच्या खांद्यावर छोटा लाल दिवा.
थांबायचं नाही असा हुकूम.
खाली फक्त घंटा वाजली, काटा सरकला: पूर्ण वेग.
बापाने कोळसा घातला.
वेग वाढला तो त्याच्या हातांनी.
हे त्याने एकदाच सांगितलं, मला,
पाठमोरा, बशी पुसत.
ती बशी त्याने फार वेळ पुसली.

बावन्न साली ब्लाइथला तिला तोडली.
मी बस धरून गेले. तो आला नाही.
तोडणाऱ्यांनी आधी नाळ कापली.
गॅसच्या ज्योतीपुढे रंगाचे पापुद्रे उठले,
करडा, काळा, परत करडा, काळा,
आणि तळाशी छिन्नीचा डी, अर्धाच.
मुकादमाने विचारलं, कुणी होतं का तुमचं हिच्यावर?
मी म्हटलं, खाली होते.

लोखंड टनाच्या भावाने गेलं.

आमच्या शेगडीचं दार चांगलं होतं, बोटाने लागायचं.
तरी रात्री शेवटचा कोळसा घातला
की बाप उजवी टाच मागे घ्यायचा,
आणि क्षणभर तशीच धरून
हळूच खाली टेकवायचा.